फिरवायला पाच, धरायला सव्वादोनशे

२०२४ च्या जानेवारीत आमच्याकडे एका बुशचं, म्हणजे नळीसारख्या पोकळ पार्टचं, काम आलं. ईएन-८ पोलाद, बाहेरून दोन पायऱ्या, आतून बोअर, एक ग्रूव्ह आणि टोकाला थ्रेड. महिन्याला बाराशे नग, रेट बरा. अडचण एवढीच की जॉबला सहा टूल लागत होती आणि आमच्या सीएनसी लेथवर चारच मावत होती. मशीन गँग टाइप, म्हणजे स्लाइडवरच्या प्लेटवर टूल रांगेत शेजारीशेजारी उभी. पाचवं लावलं की ते जॉब पकडणाऱ्या चकला तरी आपटणार, नाहीतर जॉबला. म्हणून चार टूलचं काम करून जॉब सोडायचा, पुन्हा बांधायचा आणि उरलेलं दुसऱ्या सेटअपमध्ये करायचं. दुसऱ्यांदा बांधला की बोअर आणि बाहेरचा व्यास एकमेकांपासून पाच-सहा शतांश मिलिमीटर सरकायचे. पहिल्या लॉटमधले सदुसष्ट नग परत आले.

आमचा गाळा नाशिकच्या अंबड एमआयडीसीत. दोन लेथ, एक मिलिंग, हे एक सेकंडहँड सीएनसी आणि आम्ही चार माणसं. त्यातले नाना साताऱ्याच्या घाटासारखे वळणदार बोलतात. सातपूरच्या एका मोठ्या कंपनीतून टर्नर म्हणून निवृत्त झाले आणि घरी करमत नाही म्हणून सकाळी नऊ ते एक आमच्याकडे येतात. मी डिप्लोमा मेकॅनिकल. या अडचणीवर इलाज म्हणजे टरेट: टूल एका गोल डिस्कवर बसवायची आणि हवं ते फिरवून पुढे आणायचं. ते शेवटी आम्हीच बनवलं, पण याआधी मी ते फक्त दुसऱ्यांच्या मशीनवर फिरताना पाहिलेलं.

तयार आठ स्टेशनच्या टरेटची दोन कोटेशनं मागवली. स्वस्तातलं दोन लाख पस्तीस हजार, वर १८ टक्के जीएसटी, हायड्रॉलिक पॉवर पॅक वेगळा आणि डिलिव्हरी दहा आठवडे. मशीनच मुळात साडेसहा लाखांना घेतलेलं. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात बँकेत गेलो. तयार टरेट घेणार असाल तर कर्ज बसतं, असं साहेब म्हणाले. स्वतः बनवणार म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"कोटेशन कोणाचं लावणार?"

"माझंच."

"स्वतःच्या फर्मचं कोटेशन स्वतःलाच? पैसे वळते कुणाच्या खात्यावर करायचे मी?"

त्यांचंही बरोबर होतं. असं काही करणार असाल तर हे आधीच लक्षात ठेवा: टर्म लोनला सप्लायरचं प्रोफॉर्मा इन्व्हॉइस लागतं आणि पैसे थेट सप्लायरला जातात. घरच्या घरी बनणाऱ्या वस्तूला तो रकानाच नसतो. मी सगळा खर्च सीसी लिमिटमधून, म्हणजे बँकेच्या रोजच्या कॅश क्रेडिटमधून, तुकड्यातुकड्याने केला. त्याचा फायदा असा झाला की प्रत्येक तुकड्याच्या वेळी पुढचा तुकडा खरंच लागतो का, हा विचार झाला.

फेब्रुवारीचे पहिले दोन आठवडे मी लॅपटॉपवर टरेट फिरवत बसलो. कोणता मोटर घ्यावा, सर्वो की स्टेपर, टप्प्याटप्प्याने फिरवणारं जिनिव्हा व्हील लावावं का, यातच अडकलो होतो. एका सकाळी नाना मागून स्क्रीनकडे बघत म्हणाले, "अरे, फिरवायचं काय घेऊन बसलास? जत्रेतला पाळणाही फिरतो. थांबल्यावर हलणार नाही, ते कशावर?"

मग हिशेब उलट्या बाजूने सुरू केला. ईएन-८ वर अडीच मिलिमीटर खोल कट आणि फेरीमागे ०.२५ मिलिमीटर फीड घेतला तर चिपचं क्षेत्रफळ ०.६२५ चौरस मिलिमीटर. त्याला चौरस मिलिमीटरमागे साधारण २४०० न्यूटन धरले की टूलच्या टोकावर दीड हजार न्यूटनचा भार. टोक टरेटच्या मध्यापासून १५० मिलिमीटरवर, म्हणजे कट चालू असताना टरेटला पिळू पाहणारा टॉर्क २२५ न्यूटन-मीटर. आणि फिरवायला? डिस्क अठरा किलो, होल्डर-टूल मिळून तेरा किलो, ते सगळं ६० अंश अर्ध्या सेकंदात हलवायला पाच-साडेपाच न्यूटन-मीटर. फिरवायला पाच, धरायला सव्वादोनशे. हा आकडा मी फळ्यावर लिहिला आणि मोटरचा शोध त्याच दिवशी बंद केला. दहास एक गिअरबॉक्स लावलेला, किती फिरलो ते सांगणारा एन्कोडर असलेला साधा स्टेपर पुरणार होता. खरं काम दातांचं आणि त्यांना दाबून ठेवणाऱ्या स्प्रिंगचं.

दात म्हणजे हिर्थ कपलिंग. दोन गोल रिंगा, दोघींच्या तोंडावर मध्याकडे निमुळते होत जाणारे व्ही आकाराचे दात. एक रिंग टरेटच्या बॉडीला, दुसरी फिरणाऱ्या डिस्कला. दोन्ही एकमेकींत बसल्या की सगळे दात एकदम भार घेतात, आणि एखाद्या दाताची बारीकशी चूक बाकीच्यांत वाटली जाते. त्यामुळे मोटरने डिस्क अर्धा-पाऊण अंश इकडेतिकडे आणून सोडली तरी चालतं, शेवटची जागा दातच ठरवतात. मी ४८ दात धरले, कारण ४८ ला आठने भाग जातो आणि सहानेही. हा निर्णय मी फार विचार करून घेतला असं नाही, पण पुढच्याच आठवड्यात त्याने वाचवलं.

डिझाइन आठ स्टेशनचं होतं. लॅपटॉपवर सगळं छान दिसत होतं. नानांनी मोटरच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, होल्डर जिथे येणार तिथे १३० मिलिमीटर त्रिज्येवर आठ भोकं पाडली, त्यात पेन्सिली खोचल्या आणि पुठ्ठा नेऊन खऱ्या चकसमोर धरला. एक पेन्सिल स्पिंडलच्या मध्यावर आणली की शेजारची चकच्या अंगाला लागत होती. आठ स्टेशनला शेजारच्या दोन टूलमधलं अंतर साडेनव्याण्णव मिलिमीटर. आमच्या चकची त्रिज्याच साडेब्याऐंशी. उरले सतरा, आणि बोरिंग बारचा (आतलं भोक मोठं करणाऱ्या दांडीचा) होल्डर मध्यापासून पंचवीस मिलिमीटर जाड. खोल बोअर करायला आत शिरलो की शेजारचा होल्डर चकमध्ये घुसणार. सहा स्टेशन केल्यावर तेच अंतर १३० झालं आणि साडेसत्तेचाळीस मिलिमीटर मोकळे मिळाले. दात तेच ४८ राहिले. एक पैसाही न घालवता सापडलेली ही एकमेव चूक. तुम्ही डिझाइन करत असाल तर पुठ्ठा कापा.

मार्चच्या सुरुवातीला २०एमएनसीआर५ या पोलादाचे गोल तुकडे आणले, टेस्ट सर्टिफिकेटसह. सर्टिफिकेट मागून घ्या, पुढे हीट ट्रीटमेंटवाला ग्रेड विचारतोच. रिंगा १४० मिलिमीटर व्यासाच्या. दात आमच्याच मिलिंगवर डिव्हायडिंग हेड (वर्तुळाचे समान भाग पाडून देणारं साधन) लावून कापायचे ठरवले. ६० अंशांचा कटर आणि हेड सव्वातीन अंश कललेलं, कारण दात मध्याकडे उथळ होत जातात. ४८ भागांसाठी हँडल प्रत्येक वेळी पाच षष्ठांश फेरी फिरवायचं, म्हणजे १८ भोकांच्या वर्तुळावर १५ भोकं.

पहिली रिंग मी स्वतः कापली. एक दात, पंधरा भोकं, लॉक, कट. जेवून आल्यावरही तेच. संध्याकाळी सव्वासहाला शेवटच्या दाताला कटर लावला तेव्हा तो दात बाकीच्यांपेक्षा बारीक दिसला. व्हर्नियर लावला. सहा दशांश मिलिमीटरची तफावत. म्हणजे दिवसभरात कुठेतरी एक भोक जास्त मोजलं गेलं होतं. एक भोक म्हणजे अर्धा अंश, आणि बाहेरच्या कडेला अर्धा अंश म्हणजे बरोबर तेवढंच. मोजायच्या पट्ट्यांचा स्क्रू ढिला होता. त्या पट्ट्या असतातच यासाठी की माणसाने भोकं मोजू नयेत. मी मात्र त्या सरकताहेत हे न बघता त्यांच्यावर विसंबलो होतो. नानांनी रिंग हातात फिरवून पाहिली, काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी घरून स्वतःचा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आले. पुढच्या दोन्ही रिंगा त्यांनी कापल्या. दर सहाव्या दाताला थांबून ४५ अंश झाले की नाहीत हे हेडवरच्या अंशांच्या खुणेवर पडताळायचे. ९ एप्रिलच्या गुढीपाडव्याआधी दोन्ही तयार झाल्या, ग्राइंडिंगसाठी वर तीन दशांश ठेवून.

एप्रिलमध्ये पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला गेलो, नागदेवी स्ट्रीटला. बेअरिंग, सील आणि डिस्क स्प्रिंग, म्हणजे बशीच्या आकाराच्या स्प्रिंगच्या चकत्या. दाबून धरायला मी हवेऐवजी स्प्रिंग निवडली, कारण वीज गेली किंवा पाइप निसटला तरी टरेट धरलेलंच राहावं. हवा फक्त सोडायला. दातांच्या ३० अंशांच्या उतारामुळे २२५ न्यूटन-मीटरचा टॉर्क रिंगांना सव्वादोन हजार न्यूटनच्या आसपास उचलू पाहतो. त्यावर टूल पुढे निघालेलं असल्याने होणारी कलंडी धरून मी सहा हजार न्यूटनचा दाब ठरवला. दुकानदाराने विचारलं, "एकात एक लावणार की पाठीला पाठ?" ठोंब्यासारखं उभं राहून मला सांगता येईना. त्याने काउंटरवर चार स्प्रिंग रचून दाखवल्या: एकात एक ठेवल्या तर जोर वाढतो, उलटसुलट ठेवल्या तर प्रवास वाढतो. मला सहा मिलिमीटर उचल हवी होती, म्हणजे उलटसुलट. पुस्तकात हे वाचलं होतं, पण समजलं तिथे.

हीट ट्रीटमेंट अंबडमध्येच. केस हार्डनिंग, म्हणजे फक्त वरचा थर कडक करायचा, कडकपणा ५८ ते ६० एचआरसी. इथे कागदपत्रांचा भाग आला, तो सांगतो, कारण पहिल्यांदा माझा पूर्ण दिवस यात गेला. माल प्रोसेसला पाठवताना इन्व्हॉइस करायचं नाही, जॉब वर्कचं डिलिव्हरी चलन करायचं. त्यावर वजन, ग्रेड, अंदाजे किंमत आणि एचएसएन, म्हणजे जीएसटीसाठी मालाचा कोड. मशीन टूलच्या सुट्या भागांना ८४६६. मी चलनावर नुसतं 'रिंग' लिहिलं होतं, ते गेटवरूनच परत आलं. जॉब वर्कला गेलेला माल वर्षाच्या आत परत यावा लागतो आणि राज्यातल्या राज्यात एक लाखापर्यंत ई-वे बिल लागत नाही, हे आमच्या अकाउंटंटने फोनवर सांगितलं. दोन रिंगांना वेगळी भट्टी कोणी लावत नाही. कमीत कमी बॅचचे २४०० रुपये भरायचे आणि आपल्यासारखाच माल जमेपर्यंत वाट बघायची. १४ मे ला दिल्या. २० तारखेला नाशिकचं लोकसभेचं मतदान, त्यात भट्टीवरची माणसं सुट्टीवर. २४ ला मिळाल्या.

कडक होऊन आलेल्या रिंगांना ब्लू, म्हणजे जिथे दात टेकतात तिथे डाग उमटवणारा निळा रंग, लावला आणि एकमेकींवर दाबल्या. ४८ पैकी अकरा दातांवर निळा डाग. भट्टीत रिंग वाकली होती. ते होणारच होतं, म्हणूनच तीन दशांश ठेवले होते. पण डोळ्यांनी पाहिल्यावर पोटात गोळा आला.

असे दात ग्राइंड करणारा माणूस भोसरीत मिळाला. ३ जूनला सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, चाकण करत मोटरसायकलवर गेलो, रिंगा गोणपाटात गुंडाळून टाकीवर. त्याने १८,००० सांगितले आणि दोन आठवडे. लागले पाच. त्याची तक्रार करत नाही; त्याच्याकडे मोठ्या गिऱ्हाइकांची रांग होती आणि मी दोन रिंगांचा माणूस. पण दर दोन दिवसांनी फोन करून "सर, झालं का?" विचारायचं आणि इकडे बुशचे लॉट दोन सेटअपमध्ये काढत रिजेक्शन मोजायचं, हा काळ सगळ्यात वाईट गेला. जूनमध्ये एकदा तयार टरेटवाल्याला पुन्हा फोन लावला होता. घरी हे अजून माहीत नाही.

८ जुलैला रिंगा आल्या. ब्लू लावला तर चाळीस दातांवर डाग, आठ थोडे फिके. नाना म्हणाले, आता हे माझं. लॅपिंग पेस्ट लावून दोन्ही रिंगा एकमेकींवर घासायच्या, पुसायच्या, वरची रिंग एक दात पुढे सरकवायची, पुन्हा घासायचं. असं केल्याने प्रत्येक दात समोरच्या प्रत्येकाला भेटतो आणि चुका झिजतात. तीन सकाळी त्यांनी हेच केलं. रेडिओ लावून. बाहेर पावसाची झड, आणि रात्रीत रिंगांवर तांबूस थर येऊ नये म्हणून घरी जाताना तेलात बुडवून ठेवायचे. चौथ्या दिवशी ४८ च्या ४८ निळे.

जुळणी ऑगस्टच्या सुरुवातीला झाली. डिस्क उचलताना सहा मिलिमीटर पुढे येते, म्हणून मोटरचा पिनियन (छोटा गिअर) तेवढा रुंद ठेवला होता, गिअर त्याच्यावर सरकतो. १४ ऑगस्टला टरेट पहिल्यांदा फिरलं. कंट्रोलरमधला क्रम साधा आहे. टी ०२०२ आला की हवा चालू, 'उचललं' हा सेन्सर लागला की मोटर, जागा आली की हवा बंद, 'बसलं' हा सेन्सर लागला की पुढचा ब्लॉक. प्रत्येक पायरीला वेळेची मर्यादा, ती उलटली की अलार्म. टी नंतरचे पहिले दोन आकडे स्टेशनचे, पुढचे दोन ऑफसेटचे. एकूण दीड सेकंद. त्या दिवशी आम्ही जॉब न लावता नुसतं टरेट फिरवत बसलो होतो, शेजारच्या गाळ्यातलेही येऊन पाहून गेले.

डिस्क उचलली जाते तेव्हा दात उघडे पडतात आणि चिप्स आत जाऊ शकतात, हे मला माहीत होतं. महागड्या टरेटमध्ये तीन रिंगांची रचना असते: डिस्क जागेवरच फिरते, आतली तिसरी रिंग मागे-पुढे होऊन दोघींना एकत्र धरते आणि दात कधीच बाहेर येत नाहीत. मला ती बनवायला अवघड वाटली म्हणून दोनवर भागवलं. पुन्हा बनवलं तर तीन रिंगांचंच बनवीन. तूर्त उपाय म्हणून बाहेरून लिप सील लावलं आणि डिस्क उघडली की दातांतून हवेचा झोत जाईल अशी बारीक नळी सोडली.

झोत सुरू केला आणि टरेट उघडायचंच थांबलं. कधी उघडे, कधी अलार्म. दोन दिवस मी सोलेनॉइड व्हॉल्व्ह, वायरिंग, लॅडर (कंट्रोलरमधला क्रमाचा प्रोग्राम) तपासत होतो. शेवटी गेज थेट सिलिंडरच्या तोंडाशी लावला. कंप्रेसरवर ६ बार, मशीनशी ५.२, झोत चालू असताना ४.६. माझा १२५ बोअरचा सिलिंडर ६ बारला ७३०० न्यूटन देतो, ४.६ ला फक्त ५६००. स्प्रिंगच सहा हजारांची, आणि दबताना तिचा जोर आणखी वाढतो. कागदावर हजार-दीड हजारांचं जास्तीचं बळ होतं, ते सगळं पाइपलाइनने खाल्लं. एकामागे एक दोन पिस्टन असलेला टँडम सिलिंडर मागवला, अकरा हजार रुपये आणि दहा दिवस. जुन्याचे ६८०० वाया. हवेवर चालणारं काहीही डिझाइन करताना कंप्रेसरवरचा आकडा धरू नका. शेवटच्या मशीनशी, सगळी मशीनं चालू असताना, गेज लावून येईल तो धरा आणि त्यातूनही थोडा कमी करा.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, गणपती बसायच्या आधी, होल्डर ब्लॉक लावले. त्यातली बोरिंग बारची २५ मिलिमीटरची भोकं आम्ही बाहेर केली नाहीत. ब्लॉक डिस्कला बोल्ट करून, डिस्क दातांत बसवून, चकमध्ये बोरिंग हेड धरलं आणि टरेट पुढे नेत मशीनच्याच स्पिंडलने ती बोअर केली. एक्स अक्ष (स्पिंडलपासून आडव्या अंतराचा) एकाच आकड्यावर ठेवून एकेक स्टेशन फिरवत. त्यामुळे जुळणीत कुठे काही चुकलं असेल तर तेही त्यात निघून गेलं. भोक स्पिंडलच्या रेषेत असणारच. ही युक्ती नानांची. ड्रिल लावून पाहिलं, मध्यावर बरोबर. फेसिंग टूलने तोंड घेतलं, मध्ये टोक उरलं नाही.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, १८ सप्टेंबरला, धडक झाली. फिनिश टर्निंगनंतर बोरिंग बारचं स्टेशन आलं, मशीनने फीड सुरू केला आणि कचकन आवाज. इन्सर्ट फुटलं, बार वाकला, जॉब चकमधून उडून काचेवर. कोणाला लागलं नाही, दार बंद होतं. उघडून पाहिलं तर टरेट पूर्ण बसलेलंच नव्हतं, दात दोन मिलिमीटर उघडे. एक लांब चिप सीलखाली अडकली होती. पण मग 'बसलं' हा सिग्नल कुठून आला? प्रॉक्सिमिटी सेन्सरच्या तोंडावर कूलंटने चिकटलेला बुराद्याचा गोळा. सेन्सरला लोखंड हवं होतं, ते मिळालं, त्याने होय म्हटलं.

नाना सेन्सर पुसत म्हणाले, "याची काही चूक नाही. तू त्याला उकिरड्यावर बसवलास."

सेन्सर दोन्ही मागे, सिलिंडरच्या बंद कप्प्यात नेले, जिथे पिस्टनच्या दांड्याचं टोक हलतं. लॅडरमध्ये अट बदलली: 'बसलं' चालू असून भागत नाही, 'उचललं' बंद असायला हवं, आणि हवा बंद करण्याच्या क्षणी 'बसलं' आधीपासून चालू असेल तर थेट अलार्म, कारण तेव्हा ते चालू असणं शक्यच नाही. हा शेवटचा तपास सगळ्यात कामाचा आहे. खर्च सेन्सर आणि बार मिळून ३१०० रुपये. छातीतली धडधड वेगळी.

२८ सप्टेंबरला मोजमाप केलं. बोरिंग स्टेशनमध्ये टेस्ट बार, त्यावर एक मायक्रॉनचा लिव्हर डायल, पन्नास वेळा टरेट पूर्ण फिरवून परत तिथेच. उभ्या दिशेने फरक चार मायक्रॉनच्या आत, एक्सच्या दिशेने तीनच्या. टरेटच्या फिरण्यातली चूक टूलला वर-खाली सरकवते, ती व्यासात जवळपास उतरत नाही. व्यास बिघडतो तो एक्सच्या दिशेने सरकल्यावर, म्हणून डायल दोन्हीकडून लावा; मी आधी उभ्याच दिशेने लावून खूश झालो होतो. सकाळी मशीन थंड असताना आणि दुपारी गरम झाल्यावर मात्र दहा-बारा मायक्रॉनचा फरक येतो, पण तो स्पिंडल आणि बॉलस्क्रूचा, टरेटचा नाही. पहिला अर्धा तास मशीन रिकामं फिरवतो.

४ ऑक्टोबरपासून बुश एकाच सेटअपमध्ये निघू लागला. १२ तारखेला दसऱ्याला मशीनला झेंडूचा हार घातला, टरेटला वेगळा. नानांनी कपाटातून ती चुकलेली पहिली रिंगही काढली आणि हळदकुंकू लावून पाटावर मांडली. मी काही बोललो नाही.

सगळा खर्च एक लाख चार हजारांच्या आसपास गेला. यात वाया गेलेला सिलिंडर आहे, भोसरीच्या फेऱ्या आहेत. माझे आणि नानांचे तास नाहीत. ते धरले तर तयार टरेट स्वस्त पडलं असतं, हे मान्य करतो. नऊ महिने लागले आणि त्यातले निम्म्याहून अधिक वाट बघण्यात गेले. कोणी करणार असेल तर रिंगांचं काम सगळ्यात आधी सुरू करा आणि त्या बाहेर असताना बाकीचं डिझाइन करा. मी उलट केलं. लिप सील दर तीन-चार महिन्यांनी बदलावं लागतं, ते जास्तीचं आणून ठेवा.

यंदा फेब्रुवारीत गाळ्याचा विमा नूतनीकरणाला आला. एजंट यादी भरून घेत होता. मशीन, मेक, वर्ष. टरेटची किंमत वेगळी दाखवायची तर त्याचंही मेक हवं म्हणाला. मी म्हटलं, "स्वतः बनवलंय." त्याने 'स्वनिर्मित' टाइप करून पाहिलं. फॉर्म पुढे जाईना. मग यादी खाली सरकवत सरकवत गेला, अगदी तळाशी 'इतर' होतं, ते निवडलं आणि विचारलं, "साल काय टाकू, सुरू केलं ते की झालं ते?"

दोन्ही २०२४ च, म्हटलं.